पाव नालबंद

असोद्यात माणसाला कोणतंही वेड असलेलं चालतं, फक्त ते पारावर सांगता आलं पाहिजे. आमच्या गल्लीत एकाला भजनाचं वेड आहे. टाळ वाजला की तो भरल्या ताटावरून उठतो. दुसरे एक गृहस्थ ग्रामपंचायतीपासून विकास सोसायटीपर्यंत निघेल ती निवडणूक लढवतात आणि नेमानं पडतात. त्यांना सगळे ‘भाऊसाहेब’ म्हणतात. माझ्या वेडाला असा मान नाही. पन्नाशी उलटलेला, लेकीचं लग्न करून मोकळा झालेला, जळगावात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी, रात्रीची जेवणं आटोपली की डोळ्यांवर एकावर एक दोन चष्मे चढवतो आणि प्लास्टरच्या मावळ्यांच्या मिशा रंगवतो.

गावाला याहून मोठ्या गोष्टींची सवय आहे. कवयित्री बहिणाबाई इथल्या. १८८० साली इथे महाजनांच्या घरात जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. गावाचं दुसरं नाव आहे ते वांग्यामुळे. थंडी पडली की असोद्याच्या भरिताच्या वांग्यांची चौकशी लांबून लांबून सुरू होते. कविता आणि भरीत यांच्यामध्ये मावळ्यांना जागा कुठून मिळणार? पारावर विषय निघालाच तर कुणीतरी विचारतो, ‘‘त्याचे पैसे भेटता का?’’ मी नाही म्हणतो. ‘‘मंग इकत तरी देशीन?’’ तेही नाही. ‘‘मंग भो, डाक्टरले दाखवलं का?’’

हे सगळं पुतण्यामुळे सुरू झालं असं मी सांगतो. पुतण्या म्हणतो, काकामुळे. दिवाळीत अंगणात किल्ला करायची हौस खरी पुण्या-साताऱ्याकडची. आमच्याकडे त्या दिवसांत कपाशी फुटलेली असते, घरात सगळ्यांच्या कमरा मोडलेल्या असतात, डोंगर रचायला रिकामे हात कुणाकडे असतात? पण कुणीतरी किल्ल्यांची स्पर्धा काढली, वय चौदापर्यंत, आणि पुतण्या मला ओढत जळगावच्या बाजारात घेऊन गेला.

फुटपाथवर एका बाईनं पोत्यावर सगळं स्वराज्य मांडलं होतं. मध्ये सिंहासनावर महाराज, लहान-मोठ्या सगळ्या आकारांत. भोवती भालदार, तुतारीवाला, ढाल-तलवारवाले. एका अंगाला गवळण, भाजीवाली, वासुदेव, जात्यावर बसलेली बाई, हंडा घेतलेली पोर, आणि या सगळ्यांकडे प्रेमानं पाहणारा एक वाघ.

‘‘फक्त सैनिक द्या,’’ मी म्हणालो.

‘‘भाऊ, किल्ल्याखाली गाव नको का?’’

‘‘गाव नको,’’ मी मोहिमेवर निघाल्याच्या थाटात सांगितलं.

घरी येऊन मावळे ओट्यावर मांडले आणि माझ्यातला कुणीतरी जागा झाला. हे पुतळे दोन अर्ध्या साच्यांत ओतून काढतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी कानावरून, दंडावरून, थेट चपलेपर्यंत एक सांधा उतरतो. तो कुणी घासत नाही. वर जो रंग बसतो तो ओल्या हातानं, एका दमात शंभरांना. एका मावळ्याची मिशी गालावर होती. एकाला डोळे होते, पण कपाळावर. पुतण्याला काहीच वावगं दिसलं नाही. मी मात्र मुलीच्या जुन्या कंपासमधला ब्रश आणि कानस शोधायला उठलो, तो आजतागायत बसलेलो नाही. म्हणजे बसलेलो आहे, पण मावळ्यांसमोर.

दोन इंची माणसाचा डोळा रंगवणं हे काय प्रकरण आहे ते सांगतो. आधी डोळ्याच्या खाचेत गडद तपकिरी रंग भरायचा. तो वाळला की त्याच्यात पांढरी आडवी रेघ, तीही अशी की भोवती तपकिरी कड राहील. मग मधोमध काळं बुबुळ. इथं नवखा माणूस ठिपका देतो. ठिपका पांढऱ्यात सुटा तरंगत राहिला की मावळा दचकलेला दिसतो, गनिमाला पाहून नव्हे, तर वीजबिल पाहून. म्हणून ठिपका नाही, उभी बारीक रेघ द्यायची, वरच्या आणि खालच्या पापणीला टेकलेली. ब्रश तीन शून्यांचा, त्याचं टोक ओठांत धरून सरळ केलेलं, दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवलेली, श्वास रोखलेला. पहिला डोळा बरा येतो. दुसरा पहिल्याशी जुळवताना खरी लढाई होते. माझे सुरुवातीचे सगळे मावळे डावीकडे पाहायचे. मी शत्रू डावीकडे ठेवला.

पण एखाद्या रात्री दोन्ही डोळे जुळतात. मग तो प्लास्टरचा गडी एकदम आपल्याकडे पाहतो. त्या क्षणी मला घरातल्यांना उठवावंसं वाटतं. एकदा उठवलंही. बायको डोळे चोळत आली, तिनं मावळा पाहिला, मला पाहिलं, म्हणाली, ‘‘अहो, माझी लाल नेलपॉलिश याच्या पागोट्याला लावलीत का?’’

लावली होती. चकाकी काही औरच येते.

वेडाला वंशावळ सापडली की माणूस निर्ढावतो. मी मोबाइलवर शोधू लागलो आणि मला पूर्वज सापडले. एच. जी. वेल्स, तोच तो, मंगळावरून माणसं आणणारा, यानं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं अख्खं पुस्तक खेळण्यातल्या शिपायांची लढाई कशी खेळावी यावर लिहिलं. मोठमोठी माणसं जमिनीवर पालथी पडून स्प्रिंगच्या तोफेनं लाकडी गोळे शिशाच्या फौजेवर मारायची. वेल्सचं म्हणणं असं की ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे त्यांनी हे खेळावं, म्हणजे खऱ्या युद्धाचा घोळ काय असतो ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, त्यावरून त्याचा सल्ला कितपत ऐकला गेला ते समजतं. ‘ट्रेझर आयलंड’वाला स्टीव्हन्सनही आपल्या सावत्र मुलाबरोबर शिपायांचे डाव मांडत असे. ही नावं मी पारावर घेतली. ‘‘कुठले हे? भुसावळचे का?’’ एवढंच कुणीतरी विचारलं.

या सगळ्या जगाला आकार दिला तो लंडनच्या ब्रिटन्स कंपनीनं. त्याआधी जर्मनीतले शिपाई भरीव शिशाचे, म्हणून महाग. १८९३ मध्ये या घराण्यानं युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, साच्याला लागलेला थर थिजला की उरलेलं आतलं शिसं परत ओतून घ्यायचं. शिपाई बाहेरून जसाच्या तसा, आतून पोकळ. शिसं वाचलं, वजन घटलं, किंमत उतरली आणि पोरासोरांच्या हातात पलटणी आल्या. त्यात आपल्या मुंबई इलाख्याच्या भालाईत घोडेस्वारांचीही पेटी होती. उंची चोपन्न मिलिमीटर. आजही जगभरचे हौशी हेच माप धरतात. बत्तीस पट केलं की पाच फूट आठ इंचांचा गडी उभा राहतो. बाहेरून रुबाबदार आणि आतून पोकळ हे वर्णन वाचून बायको बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

आता मला नुसता किल्ला नको होता, लढाई हवी होती, तीही आपल्या बाजूची. खानदेशच्या माणसाला इतिहासात नेहमी लुटले जाण्याची भूमिका मिळते. धरणगावची इंग्रजांची वखार मराठ्यांनी १६७५ मध्ये लुटली आणि १६७९ मध्ये पुन्हा. त्याच धरणगावात १८२५ मध्ये औट्रम साहेबानं भिल्लांची पलटण उभी केली. पण वखार म्हणजे गोदाम, आणि गोदामाच्या देखाव्याला बक्षीस कोण देणार? शेवटी बागलाणात गेलो. साल्हेर. फेब्रुवारी १६७२. वेढा घालून बसलेल्या मोगलांवर एकीकडून मोरोपंत पिंगळे आणि दुसरीकडून प्रतापराव गुजर चालून आले. मोकळ्या मैदानात समोरासमोर मोगलांची फौज मोडली ती इथं. इखलासखान हाती सापडला, सूर्यराव काकडे पडले.

गणित मात्र जमेना. साल्हेर हा महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच किल्ला, समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर. बत्तिसानं भागलं तर एकोणपन्नास मीटर. आमच्या ओट्यावर शेजाऱ्यांची भिंत सात फुटांवर संपते. सव्वाशे हत्ती हाती लागल्याचं सभासदाच्या बखरीत आहे. माझ्याकडे हत्ती एक, गणपतीच्या सजावटीतला, सोंडेला मोती लावलेला. घोडे सहा. ते बाजारात मिळाले तसे, त्यातला एक डुलणारा, पाळण्याच्या दांड्या कापून घेतलेला. तोफा ओढायला पोळ्याचे उरलेले मातीचे बैल जुंपले. त्यांच्या शिंगांना अजून बेगड होती. मोगलांच्या बाजूला पुतण्याचे हिरवे प्लास्टिकचे बंदुकवाले जवान उभे केले. हेल्मेटवर कापूस लावून पगडी केली, तरी एकाच्या खांद्यावरचा वायरलेस लपेना.

अशा वेळी सभासदच धावून आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून त्यानं बखर लिहिली, तीत साल्हेरच्या युद्धाचं वर्णन आहे. धुरळा एवढा उडाला की तीन कोसांच्या चौफेर आपला कोण, परका कोण ते दिसेना. मी ते वाचून खुर्चीतून उठलोच. दिसेना! म्हणजे दाखवायची गरज नाही! घरातलं गव्हाचं पीठ चाळणीनं हळुवार भुरभुरवलं की अर्धी मोगल फौज वायरलेससकट धुरळ्यात जाईल. इतिहासाशी इमान राखून एवढी काटकसर आजवर कुणी केली नसेल.

मात्र आधी डोंगर हवा. आमची काळी माती कपाशीला सोनं असेल, किल्ल्याला नाही. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. संध्याकाळी मी साल्हेर उभारला. बुरूज, तटबंदी, दरवाजा, चढाची वाट. सकाळी पाहतो तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत डोंगर उभा चिरलेला आणि एक बुरूज स्वतंत्र झालेला. मी पुन्हा लिंपला. दुपारच्या उन्हात पुन्हा फाटला. मोगलांनी वेढा घालून जे साधलं नसतं ते आमच्या मातीनं आपणहून करून दिलं.

शेजारचे तात्या ओट्याच्या कडेला बसून हे पाहत होते. त्यांचं घर अजून धाब्याचं आहे, दर पावसाळ्याआधी त्यांना छतावर माती चढवावी लागते.

‘‘कायी माती कायले घेतली?’’

‘‘शेतातली आहे, तात्या. आपलीच.’’

‘‘आपली हाय म्हनूनच त फाटते. गावठानातली पांढरी आन. भुसा टाक, शेन टाक, तीन दिवस मुरू दे. धाबं काय आम्ही इंजिनेराले इचारून करतो का?’’

तीन दिवस मुरवायला वेळ नव्हता. स्पर्धा तोंडावर आली होती. रात्रभर मुरवली. शेण मात्र तात्यांच्याच गोठ्यातलं, ताजं. डोंगर टिकला. वास दिवाळीच्या फराळापर्यंत पोचला. चिवडा भाजणारी बायको एकदा दारात आली, डोंगराकडे पाहून काही न बोलता आत गेली. त्या न बोलण्याचे मी पुढे बरेच दिवस हप्ते फेडले.

आता नालबंदाकडे येतो. फौजेची रचना वाचताना मला एक गोष्ट आढळली. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, हे शाळेत कधीतरी कानावर पडलेलं होतं. पण त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, हे वाचून मी थबकलो. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा. कुठल्याही दुकानात हे दोघे मिळत नाहीत. तलवार उगारलेले शंभर मिळतात. पण ज्या घोड्याला पाणी नाही आणि खुरात खिळा सैल आहे, त्याच्यावर बसून तलवार उगारून काय होणार? माझ्याकडे घोडे सहा. पंचविसाला एक, तर सहाला पाव. पाव नालबंद घडवणं अख्ख्यापेक्षा अवघड, म्हणून अख्खा घडवायला घेतला.

नळाला लावायचं एम-सील दोन रंगांच्या वड्यांत येतं. दोन्ही मळून एकजीव केल्या की अर्धा-पाऊण तास ते कणकेसारखं ऐकतं, मग दगड होतं. आत तारेचा सांगाडा. बसलेला माणूस, एक गुडघा वर, हातात हातोडी. डोक्याला बांधलेल्या फडक्याच्या घड्या टाचणीनं पाडल्या. पखालजीच्या पाठीवरची पखाल करताना मात्र जीव रमला. कातडी पिशवी पाण्यानं भरली की खाली लोंबते, वर सुरकुतते, आणि वजनानं माणूस एका बाजूला कलतो. तो कल साधला तेव्हा माझी स्वतःची पाठ भरून आली. तलवारवाल्यांना घडवताना मी त्यांच्या वतीनं आवेश आणत असे. या दोघांसाठी काही आणावं लागलं नाही. ते आपले काम करत बसले. माझ्या बोटांना चिकटलेलं एम-सील निघायला आठवडा लागला, ऑफिसात अंगठा मशीनवर उमटेना, आणि साहेबांना कारण सांगताना ‘‘नळ गळत होता’’ असं मी म्हणालो. पन्नाशीच्या माणसानं गळक्या नळाच्या मागे लपणंच बरं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळा देखावा मांडून झाला. डोंगर, तट, डावीकडे बघणारे मराठे, डावीकडे मोगल, मध्ये पिठाचा धुरळा. पायथ्याशी पागा, वाळल्या गवतानं शाकारलेली. तिच्या दारात नालबंद. कडेनं पणत्या. पुतण्याला तयारी म्हणून मी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं ते प्रसिद्ध पत्र सांगितलं. रयतेला उपद्रव देऊ नका ही त्यातली ताकीद सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यात आणखी एक बारीक सूचना आहे. रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतील, गवताच्या गंजीला आग लागेल, घोडे मरतील. ‘‘बघ,’’ मी म्हणालो, ‘‘एवढा मोठा राजा, पण उंदरापर्यंत लक्ष!’’ पुतण्यानं जांभई दिली. मी समाधानानं झोपलो. पणत्या तशाच.

रात्री उंदीर आले. साहजिकच आहे, मी त्यांच्यासाठी तीन कोसांचं पीठ पसरलं होतं. धुरळा चाटून झाल्यावर त्यांना तेलात भिजलेली वात दिसली असावी. धूर आला तेव्हा तात्या ओरडले. मी बाहेर धावलो तो पागा पेटलेली, एक बुरूज काळा पडलेला, हिरवे जवान वितळून एकमेकांच्या गळ्यात पडलेले. डुलणाऱ्या घोड्याची शेपटी गेली. बादलीभर पाणी ओतलं तेव्हा साल्हेरच्या उतारावरून पांढऱ्या मातीचा ओघळ आणि त्याच्यातून गणपतीचा हत्ती वाहत आला. प्लास्टर जळत नाही आणि एम-सीलही नाही, एवढं मात्र कळलं. नालबंद काजळी माखून जागच्या जागी हातोडी धरून बसलेला होता.

पुतण्या चादर गुंडाळून उभा होता. ‘‘काका, पत्रात लिहेल होतं ना?’’

सकाळी परीक्षक आले. आवरायला वेळच नव्हता. जळकी पागा, फाटका तट, वितळलेले मोगल. तिघंही स्तब्ध. एक बाई म्हणाल्या, ‘‘रणभूमीचा देखावा फारच अस्सल आहे.’’ दुसरे खाली वाकले. ‘‘जळिताचा वाससुद्धा?’’ मग त्यांनी पुतण्याला विचारलं, ‘‘बाळ, हा खाली बसलेला कोण?’’

‘‘मले नही माहीत,’’ पुतण्या बाणेदारपणे म्हणाला, ‘‘काकाले इचारा. त्यानीच केलं सारं. मी फक्त हत्ती आनला.’’

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कंपासपेटी. मला ती ब्रश ठेवायला हवी होती. पुतण्या देईना. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला, की कामाच्या प्रमाणात पेटीचे चोवीस भाग माझे आणि एक त्याचा. त्यानं वहिनींना हाक मारली. मी हिशेब मागे घेतला.

एवढ्यावर मिटायचं, पण गावभर झालं. दिवाळी सरता सरता लोक चुलीवरचं सोडून ओट्यावर काय जळलं ते बघायला येऊ लागले. त्यात गल्लीच्या टोकाचे एक आबा आले, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. मावळ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. नालबंदासमोर बसले. माझी छाती फुगली. इतक्यात त्यांनी काठीनं घोड्याला ढोसलं. मी घोडा आडवा पाडून चारी पाय दोरीनं बांधलेला दाखवला होता, गावात लहानपणी पाहिलं होतं तसा.

‘‘हे काय व्हय?’’

‘‘नाल मारतोय, आबा.’’

‘‘घोड्याले पाडता का रे भो कुठी?’’ ते कळवळून म्हणाले. ‘‘बैलाले पाडता. बैलाले दोर बांधून पाडता, पाय आवयता, मंग पत्री मारता. घोडा उभाच ऱ्हातो. नालबंद त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतो. पाडलेला घोडा पुन्हा त्याच्यापाशी उभा ऱ्हाईन का?’’

मग त्यांनी मला उठवून उभं केलं, माझा पाय मागून उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं टाचेवर दाखवलं, खिळा कुठून घालायचा, तिरपा कसा काढायचा, बाहेर आलेलं टोक कसं मुरडायचं. पायाचं नख आणि जिवंत मांस यांच्यामधली जागा चुकली तर घोडा लंगडतो. ऐंशीच्या माणसाच्या मांडीवर पाय देऊन मी ओट्यावर एका पायावर उभा. समोरून भाऊसाहेब चालले होते. त्यांनी नमस्कार केला. पडलेल्या उमेदवाराला दुसरा पडेल माणूस लगेच ओळखू येतो.

मी नालबंद नवा केला. या वेळी उभा, वाकलेला, खूर मांडीवर. आबांनी पास केला. आता त्याला भाता हवा, कोळसे हवेत, शेजारी उभा राहून लगाम धरणारा पोऱ्या हवा. पखालजीला विहीर हवी, विहिरीला मोट, मोटेला बैल. बैल पोळ्याचे होतेच, शिंगांना बेगड लावलेले. मग मी पुन्हा जळगावला त्या फुटपाथवर गेलो. दिवाळी होऊन गेली होती, बाई पणत्यांचं उरलेलं सामान विकत बसली होती. मी गवळण मागितली. भाजीवाली मागितली. जात्यावरची बाई मागितली.

‘‘तेव्हा नको म्हणाले होते ना, भाऊ?’’

‘‘तेव्हा लढाई होती,’’ मी म्हणालो.

‘‘आणि आता?’’

‘‘हरलो.’’

तिनं पोत्याखालून उरलासुरला गाव काढून दिला, वासुदेव फुकट. तिच्या गाठोड्यात शिपायांच्या बरोबरीनं भाजीवाली कशी काय असते, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. तिकडे ब्रिटन्सवाल्यांना तिथपर्यंत यायला महायुद्ध लागलं. १९१८ नंतर इंग्लंडात घराघरातली माणसं गेली होती, शिपाई विकत घ्यायला कुणाचं मन होईना. तेव्हा कंपनीनं शेताची मालिका काढली, गायी, डुकरं, दूध काढणारी बाई, शेतकरी आणि त्याची बायको. ती तुफान चालली. आमच्या फुटपाथवर गवळण पहिल्यापासून तुतारीवाल्याला खेटून उभी आहे. कुंभारांनी वेल्स वाचला नव्हता, त्यामुळे त्यांचा वेळ वाचला.

आता हिवाळा आहे. डोंगर ओट्यावरून हलवून मागच्या पडवीत नेला आहे, शेणाचा वास गेला आहे. साल्हेरवर सध्या चार मावळे आहेत, त्यातले दोन अजूनही डावीकडे बघतात. पायथ्याचा गाव मात्र वाढत चालला आहे आणि त्यावर माझा ताबा राहिलेला नाही. तात्यांना धाब्याचं घर हवं होतं, ते छतावर माती चढवणाऱ्या माणसासकट झालं. गल्लीतल्या जिजींनी येऊन सांगितलं की जात्यावरची बाई उलट्या हातानं दळते आहे. तिचा हात कापून पुन्हा लावला. पारावर ज्यानं मला डॉक्टरकडे पाठवलं होतं, तो रात्री एकटा येऊन म्हणाला, ‘‘भो, आमचा बाप मोट हाकायचा. जमीन का? पन त्याचा एक कान फाटेल होता, तो फाटेलच ठेव.’’ तीन शून्यांच्या ब्रशानं फाटका कान रंगवणं डोळ्याहून सोपं नाही, पण तो जमला. बापाला पाहून तो गडी काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी वांगी देऊन गेला.

त्याच वांग्यांच्या भरिताचा देखावा सध्या हातात आहे. मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ, वांगी भाजणारा एक, आणि लाकडी बडगीत मिरच्यांसकट भरीत ठेचणारा दुसरा. एम-सीलची बडगी मी बत्तिसाच्या मापात तंतोतंत केली, कणभर इकडे-तिकडे नाही, आणि पारावर नेऊन दाखवली. ती हातोहात फिरली. सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि निकाल दिला, ‘‘काम चांगलं हाय. पन एवढ्याशा भरितात पंगत कशी उठीन? बडगी मोठी कर.’’

मी त्यांना मापाचं समजावून सांगू लागलो. बत्तिसानं गुणलं की बडगी बरोबर खऱ्याएवढी होते, वगैरे. कुणी ऐकेना. वांगी किती, माणसं किती, बडगी केवढी लागेल, यावर पारावर दोन तट पडले आहेत. मी घरी येऊन मोठ्या बडगीसाठी एम-सील मळायला घेतलं आहे.